मागची जाळी

ही हकीकत मी आजवर कुणाला पुरी सांगितलेली नाही. सांगायची वेळ आली की मी विषय बदलत असे आणि मला ते चांगलं जमायचं. बायकोला अर्धी माहीत होती. ती गेली तेव्हा उरलेली अर्धी सांगायची राहून गेली, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. आता वय झालं आहे. कुणी नोकरीवरून काढणार नाही, कुणी कोर्टात खेचणार नाही. म्हणजे धाडस म्हणावं असं यात काही उरलेलं नाही. तरी लिहितो.

माझी नात पुण्यात एका कंपनीत आहे. रक्तातली साखर मोजायचं यंत्र ती कंपनी बनवते. यंत्रावर कुठलं बटण कुठे असावं, अक्षर केवढं असावं, म्हाताऱ्या माणसाच्या थरथरत्या बोटाला ते सापडेल का, हे बघणं तिचं काम. हुद्द्याचं नाव युझर एक्सपीरियन्स डिझायनर. मागच्या दिवाळीत तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही डिचोलीच्या फॅक्टरीत नक्की काय करत होतात?" मी थोडंफार सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझंच काम की! तेव्हा याला काय म्हणायचे?"

"ड्राफ्ट्समन," मी म्हणालो.

तिच्या ऑफिसातल्या लोकांसमोर येऊन बोलाल का, असं तिने विचारलं. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा बरा आहे.

मी मूळचा केरीचा, पेडण्यातला. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, काही वर्षं दुकानांच्या आणि होड्यांच्या पाट्या रंगवल्या, मग एका खाणीच्या कचेरीत नकाशे काढायला लागलो. तिथून डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या फॅक्टरीत आलो. फॅक्टरी म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड. आधी तिथे व्होल्टेज स्टॅबिलायझर जोडत. मग मालकाच्या डोक्यात आलं की इस्पितळांना लागणारी यंत्रं बनवावीत. आम्ही त्यांच्यामागे त्यांना पात्रांव म्हणायचो, समोर शेट. माणूस वाईट नव्हता. फक्त कुणाशी वाकडं घ्यायचं नाही, हा त्यांचा स्वभाव होता. जोडणीची कामं करणारे बहुतेक कोल्हापूर आणि बेळगावकडचे होते. वीज आणि सर्किटं बघायला म्हापशाचा एक इंजिनियर होता, माझ्याहून बराच लहान. आम्ही दोघं एका टेबलावर काम करायचो आणि त्याच टेबलावर जेवायचो.

आमचं पहिलं मोठं काम म्हणजे बाळाची पेटी. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या मुलांना ऊब देणारी. वर पारदर्शक झाकण, खाली पत्र्याचा डबा. डब्यात तापणारी कॉइल आणि पंखा. डब्याच्या मागच्या अंगाला एक जाळी होती. तिथून बाहेरची हवा आत यायची, तापायची आणि वर बाळाभोवती फिरायची. समोरच्या पॅनलवर एक नॉब, आत किती गरम आहे ते दाखवणारा काटा आणि धोक्याचा लाल दिवा. ते पॅनल माझं.

मी ते कसं करायचो ते सांगतो, कारण त्या कामाचा मला खरंच अभिमान होता. मी पुठ्ठ्याचं पॅनल बनवून इस्पितळांत घेऊन जायचो. नर्सबाईंना म्हणायचो, नॉब फिरवा. मग म्हणायचो, हाताला तेल लावून फिरवा. मग म्हणायचो, तिकडे बघत बोलत बोलत फिरवा. त्या हसायच्या. एक म्हणाली होती, "नाचत फिरवू का?" मी म्हणालो, "तुम्ही नाचत काम करत असाल तर फिरवा." असं बघता बघता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नर्स पेटीला दिवसातून दोन-तीनदा हात लावते, पण पुसापुशी करणारी, हलवणारी, कपडा घालणारी असते ती आया. यंत्राला जास्त वेळ तिचा हात लागतो. पॅनलवरचं इंग्रजी तिच्यासाठी नसतंच. मी हे शेटना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तू हुशार आसा रे." मला ते बरेच दिवस पुरलं.

एके दुपारी पेटी चाचणीसाठी चालू ठेवली होती आणि बेळगावकडच्या एका कामगाराने ओला पंचा वाळायला म्हणून तिच्या मागच्या जाळीवर टाकला. काही वेळाने इंजिनियरने वरच्या झाकणात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. चटका बसेल इतकं नव्हतं, पण नको वाटेल इतकं गरम होतं. समोरचा काटा मात्र आपल्या जागी शांत. लाल दिवा बंद. कारण उष्णता मोजणारा भाग आम्ही खाली, जाळीजवळ बसवला होता. जाळी बंद झाली की वर तापत जायचं आणि खाली त्याचा पत्ताच लागत नसे.

इंजिनियर म्हणाला, हा भाग वर न्यायला हवा. ते बरोबर होतं. पण त्यासाठी आतली जोडणी बदलायची, पत्रा नव्याने कापायचा, आणि पहिल्या पेट्या द्यायची वेळ जवळ आलेली. शेट कपाळाला हात लावून बसले. तेव्हा मी म्हणालो, जाळीच्या वर एक ठळक पट्टी चिकटवू. आयांना वाचता येईल अशी. मागची जाळी झाकू नका. पुढच्या खेपेला भाग वर नेऊ.

तो तोडगा माझा होता. इंजिनियरचं नाव त्यात घेऊ नये.

पट्टी कुठल्या भाषेत, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी निघाला. ते दिवस कसे होते ते आता सांगून पटत नाही. राजभाषा कुठली, यावरून गोव्यात रस्ते अडत होते, बसेसवर दगड पडत होते, पाट्यांना डांबर फासलं जात होतं. राज्य वेगळं होणार, याचीही बोलणी सुरू होती. पेडणे, डिचोली म्हणजे मराठीवाले. मी मोर्चात जायचो, बोर्ड रंगवून द्यायचो. घरी आई जे बोलायची ते मराठी होतं की कोकणी, हे तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, माका काय ठावक, जेवक ये. पण मी शाळेत मराठी शिकलो होतो, वाचायचो मराठी, आणि मला त्या वेळी त्याहून मोठं काही वाटत नव्हतं. इंजिनियर कोकणीवाला होता. तोही तसाच कडवा.

मी पट्टी मराठीत काढून आणली. तो म्हणाला, "ही खंयची आया असं उलयता? 'झाकू नका' न्हय, 'धांपूं नाकात' असं बरय."

मी म्हणालो, "शाळेत कोकणी शिकलेली एक आया दाखव."

"आनी मराठी शिकलेली दाखव तूं!"

बेळगावकडचा तो पंचावाला कामगार जवळच उभा होता. इंजिनियर त्याला म्हणाला, "तूं सांग रे. तुका खंयची वाचूंक येता?"

"मला दोन्ही वाचायला येतंय की साहेब," तो म्हणाला, "पण मी आता कुठं झाकतोय? पंचा काढला की मी."

सगळे हसले. मीही हसलो. शेट म्हणाले, दोन्ही भाषांत लावा. हे इतकं सोपं होतं. मग वर कुठली आणि खाली कुठली, यावर अडलं. मी म्हणालो, मराठीच्या वर कोकणी असलेली पट्टी मी माझ्या हाताने काढणार नाही. तो म्हणाला, कोकणी खाली असलेली पट्टी लावलेल्या पेटीची वायर मी जोडणार नाही. शेजारी शेजारी लावू म्हटलं, तर डावीकडे कुठली? आम्ही काही दिवस जेवायलाही वेगळे बसलो. शेवटी शेट दोघांना बोलावून म्हणाले, "बाबांनो, कोण तरी येऊन माझ्या पेटयेक डांबर फासतलो. राज्याचं काय तें ठरूं दे. मागीर छापूया. तोवर समजावून सांगा तोंडान."

पेट्या पट्टीशिवाय गेल्या. जिथे पेटी बसवायची तिथे इंजिनियर नर्सला तोंडी सांगून यायचा. नर्स मान हलवायची. आयेला कुणी सांगितलं नाही. आया महत्त्वाची, हे शोधून काढणारा मी. मीही नाही.

त्यातली एक पेटी सुर्लाच्या वाटेवरच्या एका छोट्या प्रसूतिगृहात होती. समोरच्या रस्त्याने खनिजाचे ट्रक एकामागून एक जायचे. तिथली झाडं, कौलं, कुत्री, सगळं तांबडं. पेटी बसवून काही महिने झाले होते. नॉबवरचे आकडे झिजतात का, ते बघायला मी गेलो.

दारातच एक आया उभी होती. मयेची होती, तिशीची असेल. "चपला भायर काढा हां सायबा," ती म्हणाली. "तुमच्या पायांवयली माती पुसता पुसता म्हजो जल्म गेलो."

मी चपला काढल्या. नर्स कामात होती, म्हणून तीच मला आत घेऊन गेली. पेटी रिकामी होती. तिच्यावर एक कव्हर होतं. जाड निळं कापड, आतून मेणकापड लावलेलं, कडेला क्रोशाची पांढरी झालर. पुढच्या बाजूला काटा आणि नॉब दिसावेत म्हणून नीट चौकोन कापून त्याला काठ शिवला होता. आमच्याकडे घरात काही मोलाचं आलं की त्याला कव्हर शिवतात. रेडिओला, टीव्हीला, मिक्सरला. खाणींच्या गावांत तर त्याशिवाय वस्तू टिकतच नाहीत.

"तुम्ही शिवलंत?" मी विचारलं.

"मगे? डॉक्टर शिवतलो? घरच्या टीव्हीक शिवलां, आता हिका शिवलां. ही तर म्हज्या घोवापरास म्हारग."

नवऱ्यापेक्षा महाग म्हणाली म्हणून मी हसलो. ती कव्हरची एकेक बाजू उचलून दाखवायला लागली. माप कसं घेतलं, झालर कुणाकडून शिकली, बाळ आत असलं तरी कव्हर ठेवता यावं म्हणून वरचा भाग कसा दुमडतो. बाळाचं तोंड दिसतं आणि बाकी झाकलेलं राहतं. मग तिने पेटी थोडी फिरवली.

"मागच्यान लांब ठेयलां, पळयलां? हांगा जाळी आसा न्हय, तितूंतल्यान धुळ भितर वता. जल्माक आयलें बाळ, ताणें पयली मातीच खावची?"

मी बघितलं. कापड जाळीवरून खालपर्यंत आलं होतं.

"बरं केलंत," मी म्हणालो.

मी असं का म्हणालो, याचा विचार करायला मला बरीच वर्षं मिळाली आणि उत्तर काही सापडलं नाही. विसरलो होतो असं नाही. पंचा डोळ्यांसमोर आला होता. पण ती खूश होती, मी नॉब बघायला आलो होतो, आणि जाळीची गोष्ट काढली की पट्टी का नाही, ते सांगावं लागलं असतं. बाळ आत असताना ती मागचा भाग वर करत असेल, असं मी धरून चाललो. विचारलं नाही. नॉबवरचे आकडे झिजले नव्हते. त्याची नोंद केली, तिने दिलेला चहा घेतला, आणि बस पकडायला निघताना तिला म्हणालो, "आमच्या बाकीच्या पेट्यांनाही असंच शिवून द्या."

"दितां मगे," ती म्हणाली. "कापड तेवढें धाडा."

घटक राज्य झालं त्या वर्षी पावसाच्या आधी ते घडलं. बेळगावकडचं एक जोडपं होतं. नवरा सुर्लाच्या खाणीवर माल भरायचा. बायकोला आठव्या महिन्यात मुलगी झाली. मुलीला आमच्या पेटीत ठेवलं. दुपारी वारा सुटला, रस्त्यावरची माती जनेलांच्या उघड्या झडपांतून आत यायला लागली, तेव्हा आयेने कव्हर पुरतं खाली ओढून घेतलं. काटा जागेवर होता. दिवा बंद होता. बऱ्याच वेळाने तिने बाळाचं तोंड बघितलं तर ते लालबुंद, आणि हातपाय झटके देत होते. तिनेच ओरडून नर्सला बोलावलं, तिनेच बाळ उचलून ओल्या फडक्यात धरलं. मग जीपने पणजीला नेलं.

मुलगी जगली. हे मी आधीच सांगतो, कारण मी स्वतःला ते फार वेळा सांगितलं आहे. जगली ना. पुढे ती चालली कशी, बोलली कशी, ते मी कधी विचारलं नाही. तिचे आईबाप पाऊस लागायच्या आत गावी गेले.

चौकशी डॉक्टरांच्या खोलीत झाली. डॉक्टर, प्रसूतिगृह चालवणाऱ्या मंडळातले एक वयस्क गृहस्थ, आमचे शेट आणि मी. आयेला उभं केलं होतं. इंजिनियर आला नव्हता. त्याला शेटनी मुद्दाम दुसरीकडे पाठवलं होतं, कारण तो खरं बोलला असता. जीपमध्ये येताना शेट मला एवढंच म्हणाले होते, "आमच्या पेट्या परत आयल्यो तर शेड बंद पडटली. तूं कितें तें समज." शेडमधली माणसं माझ्या डोळ्यांसमोर होती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर काहीच नव्हतं. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्याच्याकडे बघत होतो.

डॉक्टरांनी विचारलं, "कव्हर कोणाला विचारून घातलं?"

"कोणाक विचारूंक ना, डॉक्टर. धुळ येता म्हणून शिवलें. पूण ह्या सायबान तें पळयलां. जाळयेवयलेंय पळयलां. बरें केलें म्हणाले. सगळ्या पेट्यांक शिव म्हणाले." आणि ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. आता हा सांगेल, अशी ती थांबली होती. "सांगा मरे, सायबा."

मंडळातले गृहस्थ म्हणाले, "असं काही झालं होतं का?"

"मी नॉब बघायला गेलो होतो," मी म्हणालो. "कव्हरचं मला आठवत नाही."

 ओठ किंचित उघडले तिचे, तेवढंच. शेट म्हणाले की जाळी झाकायची नाही, हे आमच्या माणसाने बसवताना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. डॉक्टरांनी तिला बाहेर जायला सांगितलं. मग चहा आला, बिस्किटं आली.

बाहेर पडलो तर त्या बाळाचा बाप पायरीवर बसला होता, काहीतरी सामान न्यायला आला होता. तो उठून डॉक्टरांना म्हणाला, "त्या बाईला काय बोलू नगा साहेब. तिनंच उचललं पोरीला. माझी बायको म्हणतीया, तिला कामावरनं काढू नगा." डॉक्टर म्हणाले, बघू. तिला त्याच आठवड्यात काढलं.

आम्ही मोजणारा भाग वर नेला. पट्टीही लागली. तोवर राज्य झालं होतं, भाषेचंही काही ठरलं होतं, आणि वर काय आणि खाली काय यावर इंजिनियर एक शब्द बोलला नाही. मी काढून दिलं तसं त्याने लावलं. वर मराठी होतं. पुढे तो मस्कतला गेला. चौकशीत मी काय बोललो ते त्याच्या कानावर गेलं होतं. जायच्या दिवशी हात मिळवताना म्हणाला, "तुका आठवतालें." मी म्हणालो, "हो." त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

नोकरी गेली, एवढ्यावर तिचं थांबलं नाही. हे मला पुढे कळलं, मयेहून आमच्याकडे शेडमध्ये कामाला येणाऱ्या एका मुलीकडून. गावात कुणाकडे बाळ झालं की न्हाऊ घालायला, तेल लावून अंग चोळायला त्या आयेलाच बोलवायचे. तिच्या आईलाही बोलवायचे. त्या घरातल्या बायकांचा हात चांगला, असं मानत. त्या प्रकारानंतर कुणी बोलवलं नाही. सख्ख्या जावेनेसुद्धा आपल्या बाळंतपणात दुसरीकडून बाई आणली. देवळाकडे जाताना पोरं मागून म्हणायची, भुरगें भाजपी, भुरगें भाजपी, म्हणजे पोर भाजणारी. ती मुलगी मला हे हसत सांगत होती. तिला ते गमतीचं वाटत होतं. "आता ती कोणाच्या भुरग्याक हात लायना," ती म्हणाली. "दिलें तरी घेना."

मी ते ऐकलं आणि समोरचं ड्रॉइंग पुरं केलं. त्या दिवशी रात्रीचं जेवणही नेहमीसारखं गेलं. झोपही लागली. मला नंतर बढती मिळाली. आमच्या पेट्या चांगल्या चालल्या. मी आणखी बरीच पॅनलं केली, पुठ्ठे घेऊन आणखी बऱ्याच इस्पितळांत गेलो. आयांशी बोलणं मात्र सोडून दिलं. नर्सना विचारायचो आणि परत यायचो. कुणाच्या लक्षात आलं नाही. यंत्रंही त्यामुळे वाईट झाली, असं कुणी म्हणालं नाही.

तिच्याकडे जायचं, हे मी निवृत्त झाल्यावर ठरवलं. त्याआधी का नाही, तर त्याआधी शेट हयात होते. ते वारल्यावर शेड विकली गेली, सगळे पांगले. मग माझ्यापाशी सबब उरली नाही. तरीही गेलो नाही. शेवटी एकदा साखळीला लग्न होतं, ते आटोपून परत येताना मयेला उतरलो. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं. मला सगळं आठवत होतं, जाळी दाखवलीत तेही, मी बरं केलंत म्हणालो तेही, त्या खोलीत मी खोटं बोललो. माझं चुकलं. आणि मग म्हणायचं होतं की तुमच्या गावात, तुम्ही म्हणाल त्या माणसांसमोर, मी हे सांगायला तयार आहे.

घर विचारत गेलो. ती अंगणात सुपारी सोलत बसली होती. केस पांढरे झाले होते, पण मी ओळखलं. तिने डोळे बारीक करून बघितलं.

"पेटयेवाले सायब," ती म्हणाली.

"हो."

"बसा." तिने आतून कदेल आणून अंगणात मांडलं. स्वतः खाली बसली. "चपला काढूं नाकात. आता कोण पुसता."

मी खुर्चीत बसलो. आतून सुनेने पाणी आणलं. सुनेच्या कडेवर एक मूल होतं, सात-आठ महिन्यांचं. ते आजीकडे झेपावत होतं. आजीने त्याच्याकडे बघून तोंडाने आवाज केला, हात पुढे केले नाहीत. सून सवयीने त्याला घेऊन आत गेली.

"त्यो पेट्यो आजून करतात?" तिने विचारलं.

"फॅक्टरी बंद झाली."

"बरी आसली पेटी," ती म्हणाली. तिने आणखी एक सुपारी सोलून टोपलीत टाकली. "तें भुरगें? कितें जालें ताचें?"

"माहीत नाही."

"हांव विचारतां तांकां, बेळगांवच्या लोकांक. खाणीर येतात ते. कोणाक ठावक ना."

ती माझ्याकडे बघत होती. चौकशीच्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत बघितलं होतं तसं नाही. काही मागत नव्हती. आलेल्या माणसाकडे बघतात तसं बघत होती. माझ्या तोंडात वाक्यं तयार होती, पहिला शब्दसुद्धा तयार होता, बहिणीला हाक मारतात तसं 'बाय'. मी तोंड उघडलं.

"कित्याक येवपाक पडलें सायबाक?" तिने विचारलं. "कांय काम आसलें?"

"नाही," मी म्हणालो. "तळं बघायला आलो होतो. मयेचं तळं कधी बघितलं नव्हतं."

"हां," ती म्हणाली. ती उठली, हात पदराला पुसले आणि मला फाटकापर्यंत घेऊन आली. "ही वाट नाका. लोक चुकतात हांगा. तो फणस दिसता, थंयसून दाव्या हातान सकयल देंवा."

मी निघालो. फणसापाशी मागे बघितलं तर ती फाटकात उभी होती आणि हाताने दाखवत होती, डावीकडे, डावीकडे. म्हणून मला खाली उतरावंच लागलं. तळ्याच्या काठावर जरा वेळ थांबलो. लोक होड्यांत बसत होते. बसची वेळ झाली तेव्हा दुसऱ्या वाटेने वर आलो, तिच्या घरावरून जावं लागू नये म्हणून.